कोणते सोने काम करते?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

सोन्याला आपण एवढा मान देतो, त्यामागे एक रासायनिक कारण आहे. त्याचे कोणाशी फारसे जमत नाही. लोखंड गंजते, चांदी काळी पडते, तांब्याच्या भांड्याला चिंच लावावी लागते. आजीची पुतळ्यांची माळ मात्र पन्नास वर्षांनी पेटीतून काढली तरी तशीच. या अलिप्तपणामुळे उत्प्रेरक म्हणून सोने जवळजवळ निरुपयोगी, असे रसायनशास्त्रात बरीच वर्षे मानले जात होते. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता इतरांची गाठ घालून देणारा, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. जो कुणाच्या ओट्यावरही चढत नाही, तो मध्यस्थी काय करणार?

या समजाला १९८७ साली धक्का दिला तो जपानमधील ओसाकाच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेतल्या मासाताके हारुता यांनी. सोन्याचा क्षार आणि लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचा क्षार एकाच द्रावणात घेऊन त्यांनी दोन्हींचा साका एकदम खाली बसवला, तो धुतला, वाळवला, तापवला. त्या भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड आणि हवा सोडली, तर त्या विषारी वायूचा निरुपद्रवी कार्बन डायऑक्साइड झाला, आणि तोही उणे ७० अंश सेल्सिअस इतक्या थंडीत! हेच काम करायला प्लॅटिनमला साधारणपणे शंभर अंशांच्या वर तापवावे लागते. १९९२पासून जपानमधल्या स्वच्छतागृहांत दुर्गंधी घालवण्यासाठी असा सोन्याचा उत्प्रेरक वापरात आला. सोन्याच्या वाट्याला आलेले हे बहुधा सर्वांत नम्र काम असावे.

मग दागिन्यातले सोने हे का करत नाही? यात दोन गोष्टी आहेत: कणाचा आकार आणि त्याचे आसन. सोन्याचा वर्ख आपल्याला अतिशय पातळ वाटतो, पण त्याच्या जाडीतही अणूंचे तीनेकशे थर असतात. हारुता यांच्या कणांचा व्यास काही नॅनोमीटर होता. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तीन नॅनोमीटरच्या कणात सुमारे ८०० अणू मावतात आणि त्यांतले बरेचसे पृष्ठभागावर, कडेला, कोपऱ्यावर असतात. आतल्या अणूला १२ शेजारी असतात, कोपऱ्यावरच्याला त्याहून पुष्कळ कमी. ज्याचे हात मोकळे, तोच दुसऱ्याला धरणार. आसन म्हणजे ज्या ऑक्साइडवर कण बसतो ते: लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू, टायटॅनियमचे, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या डब्यातली भुकटी, किंवा काचेला झिलई देणारे सेरियमचे. आसन कणांना एकमेकांत मिसळू देत नाही, आणि शिवाय स्वतःही कामात हात घालते. २०११ साली अमेरिकेत टायटॅनियम ऑक्साइडवरच्या सोन्याचा अभ्यास झाला, त्यात ऑक्सिजनचा रेणू सोने आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर सक्रिय होतो असे दिसले. शेताच्या बांधावरच खरा व्यवहार चालतो, तसे.

आता मुख्य प्रश्न. भुकटीत मोठे कण असतात, लहान असतात, दोन थरांचे चपटे पुंजके असतात आणि सुटे अणूही असतात. यांतले काम कोण करतो? हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा नाही. बहुसंख्य सोने नुसते बसून असेल, तर आपण महागडा धातू फुकट घालवतो आहोत. आणि उत्प्रेरक काही दिवसांत मंदावला, तर नेमके काय बिघडले तेही कळत नाही.

मला या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो तो २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग. मारिया फ्लायत्झानी-स्टेफानोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरियम ऑक्साइडवरचे सोने घेतले आणि खाणीत सोने काढायला वापरतात तेच सायनाइड त्यावर ओतले. धातुरूप कण विरघळून गेले. ऑक्साइडला घट्ट चिकटलेले थोडे सोने तेवढे मागे उरले. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांपासून हायड्रोजन मिळवण्याचे त्या उत्प्रेरकाचे काम मात्र होते तसेच चालू राहिले. चकाकणारे सगळे सोने काढून टाकले आणि फरक काही पडला नाही!

त्यानंतर २००८ साली ब्रिटनमधील कार्डिफ आणि अमेरिकेतील लिहाय विद्यापीठांच्या गटाने लोह ऑक्साइडवरच्या सोन्याचे दोन नमुने शेजारी ठेवले. एक भलताच कामसू, दुसरा अगदी मरगळलेला. नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत. मग त्यांनी भिंगातले दोष दुरुस्त केलेला सूक्ष्मदर्शक वापरला. त्यात जड अणू तेजस्वी दिसतो; सोन्याचा अणुक्रमांक ७९, लोहाचा २६, त्यामुळे सोन्याचा एकेक अणू ठिपक्यासारखा मोजता येतो. सुटे अणू दोन्ही नमुन्यांत होते. फरक पडत होता तो साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या, दोन थरांच्या, सुमारे दहा अणूंच्या पुंजक्यांचा. कामसू नमुन्यात ते होते, पण एकूण सोन्याच्या मानाने अगदी थोडे. प्रश्न तिथेही मिटला नाही. २०१६ साली याच विषयावरच्या पुढच्या कामात, निरनिराळे कण कमीअधिक प्रमाणात हातभार लावतात, असे चित्र पुढे आले.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. या क्षेत्रात सुंदर छायाचित्रांची भुरळ फार पडते. एका छायाचित्रात फार तर काही डझन कण येतात आणि चिमूटभर भुकटीत ते अब्जावधी असतात. क्ष-किरण शोषणाच्या पद्धतीने एका अणूला सरासरी किती शेजारी आहेत ते कळते. तशी सोय इंदूरच्या इंडस-२ या यंत्रणेवर आपल्याकडेही आहे. पण सरासरीचाही घोळ असतोच: नव्वद टक्के सोने आळशी असेल, तर ती आळशांचीच हकिगत सांगणार. म्हणून दोन्ही पद्धती लागतात आणि जोडीला सायनाइडसारखा एखादा आडमुठा प्रयोगही.

आणखी एक अडचण म्हणजे सूक्ष्मदर्शकात सहसा निर्वात पोकळी असते. काम करणारा कण आणि पोकळीत झोपलेला कण एकच, असे कसे धरायचे? २०१२ साली जपानी गटाने, त्यात हारुताही होते, सूक्ष्मदर्शकात वायू सोडून सेरियम ऑक्साइडवरचा कण पाहिला. कार्बन मोनॉक्साइड येताच सोन्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंनी आपल्या जागा बदलल्या. म्हणजे रचना ठरलेली नसते. पाहुणा आला की घर बदलते.

दमट हवेचेही तसेच. ओलाव्याने पुष्कळ उत्प्रेरक मंदावतात, सोने मात्र थोड्या पाण्याने अधिक जोमाने काम करते. उष्णता त्याला सोसत नाही. तापले की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पुन्हा दागिन्यातल्या सोन्यासारखे अलिप्त बसतात. मोटारीच्या तापलेल्या धुराड्यात ते टिकवणे म्हणूनच अवघड. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटांसाठी मात्र वायूतला उरलासुरला कार्बन मोनॉक्साइड कमी तापमानाला काढावा लागतो. तिथे सोन्याला वाव आहे, आणि कण न फुगता किती तास टिकतात, हे प्रयोगशाळांतून मोजले जात आहे.