डॉक्टरांनी विचारले, तर रागावू नका
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी मी दारूचा विषय काढते आहे, म्हणून नाक मुरडू नका. ज्या घरात वाढत्या वयाची मुले आहेत, त्या प्रत्येक घराचा हा विषय आहे.

ताप किंवा मोडलेला हात घेऊन मुलगा माझ्या दवाखान्यात येतो. तपासून झाले, की मी त्याच्या आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगते आणि विचारते, "तुझे मित्र दारू पितात का? तू कधी घेतलीस का?" हे कळले, की काही माता रुष्ट होतात. "आमच्या घराण्यात असले काही नाही हो!" म्हणतात. पण वजन आपण सर्वांचेच करतो ना? त्यात कोणाचा अपमान होत नाही. तसाच हा प्रश्नही सर्वांना, मुलींनासुद्धा, विचारायचा असतो. तोंडाला वास येईपर्यंत थांबले, तर फार उशीर होतो.

यासाठी ठरलेले प्रश्न आहेत. अमेरिकेत बॉस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. जॉन नाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दारू व इतर अंमली पदार्थांविषयी सहा प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. प्यालेल्या माणसाच्या गाडीवर बसलास का? मन हलके करायला पितोस का? एकटा असताना पितोस का? प्यायल्यावर काय केले ते विसरतोस का? घरचे वा मित्र 'कमी कर' म्हणतात का? त्यापायी कधी अडचणीत आलास का? दोन उत्तरे 'होय' आली, म्हणजे मुलगा व्यसनी ठरला असे नव्हे. अधिक चौकशी हवी, एवढेच.

मात्र खरे उत्तर आईसमोर येत नाही. म्हणून बाहेर बसा, आणि घरी जाताना "काय विचारले रे?" म्हणून खोदू नका. जिवाला धोका असेल, तर डॉक्टर तुम्हाला सांगतीलच.

मदतीलाही जागा आहेत. आपल्या राज्यात अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालते. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले पुण्याचे मुक्तांगण आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

माझे एवढेच मागणे, की पुढच्या खेपेस मुलाला घेऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांना आपणहून म्हणा, "मी बाहेर बसते, तुम्ही त्याच्याशी बोला."