नंदीदुर्ग : आपण कुठल्या बाजूला होतो?

(गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकजण नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला आलो आणि इथलेच झालो. तरी किल्ला म्हटले की मन अजून रायगड-सिंहगडाकडेच धावते. म्हणूनच मंडळाच्या सहलीसाठी नंदीदुर्ग ठरला तेव्हा काहींनी विचारले, "तिथे थंड हवेशिवाय आहे काय?" थंड हवा आहेच. पण त्या डोंगरावर आपल्याविषयीही थोडे लिहिलेले आहे. आज त्याबद्दल बोलणार आहे.

म्हैसूरहून बंगळूरमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास, म्हणून पहाटेच निघावे. गडाची उंची १,४७८ मीटर. पायथ्याशी नंदी गावात भोगनंदीश्वराचे मंदिर आहे. मूळ मंदिर नवव्या शतकातले, आणि पुढच्या राजवटींनी त्यात भर घातली. तिथले कल्याणमंडप आणि पुष्करणी पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. याच डोंगरात अर्कावती उगम पावते आणि कनकपुराच्या पुढे आपल्या कावेरीला मिळते.

चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांचा हा गड हैदर अलीने घेतला. तो आणि टिपू सुलतान यांनी तट भक्कम केला. टिपूचा उन्हाळी महाल आम्ही बाहेरून पाहिला. म्हैसूरचा राजवाडा रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो दुमजली वाडा अगदी साधा वाटतो. पुढे इंग्रज कमिशनर मार्क कब्बन उन्हाळ्यात इथे येऊन राहत. १९२७ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात, कोल्हापूरला असताना गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. तेव्हा आधी आंबोलीला आणि नंतर नंदीलाच त्यांनी दीर्घ विश्रांती घेतली. सुलतान, साहेब आणि महात्मा, तिघांनाही हीच हवा मानवली!

तटापाशी उभे राहून मी १७९१ ची हकिकत सांगत होतो. तीन आठवडे तोफा चालल्या आणि १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या फौजेने गड घेतला. आमच्यातल्या एका आठवीतल्या मुलाने विचारले, "काका, तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो?"

उत्तर सरळ आहे. त्या युद्धात पेशवे इंग्रज आणि निजाम यांच्या बाजूला होते. नंदीच्या तटावर चढले ते इंग्रजांचे शिपाई. पण हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच युद्धात म्हैसूरच्या मुलखात फिरत होत्या. त्याच वर्षी भाऊंच्या फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीची विटंबना झाली. जगद्गुरूंनी टिपूला कळवले आणि पुनःप्रतिष्ठेसाठी टिपूने पैसा व धान्य पाठवले. ही कन्नड पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे नरसिंहाचार यांना मठात सापडली. शाळेत असताना आपल्याला हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणजे टिपू सर्वांचा लाडका होता असे नव्हे. मंड्यम अय्यंगारांच्या घरी नरकचतुर्दशीला दिवाळी करत नाहीत. टिपूने त्यांच्या पूर्वजांना मारल्याची आठवण ते शोकाने पाळतात. कोडगू लोकांच्या आठवणीही कडू आहेत. याच कर्नाटकात आपली दुसरी खूणही आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, आणि १६६४ साली त्यांचा अंत झाला तो चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे. टिपूच्या काळात म्हैसूरचे हिशेब कानडी आणि फारसीबरोबर मराठीतही लिहिले जात.

मित्रहो, महाराष्ट्रातल्या गडावर गेलो की आपण यजमान असतो. इथे आपण शेजारी आहोत. शेजाऱ्याच्या घरात आपल्या आजोबांची तक्रार ऐकू आली तर ती नाकारायची नाही, आणि त्यासाठी आपण मान खाली घालून हिंडायचेही नाही. नीट ऐकून घ्यायचे. आपली मुले कानडी मित्रांबरोबर एकाच बाकावर बसतात. वर्गात हा विषय निघेल तेव्हा त्यांच्यापाशी घोषणेऐवजी माहिती असावी. त्या मुलाला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग शृंगेरीलाही जायला हवे ना?"

जायला हवेच. माझी कार्यकारिणीला सूचना आहे की पुढची सहल शृंगेरीला न्यावी, वाटेत होदिगेरेला थांबावे, आणि आपले कानडी सहकारीही सहकुटुंब बरोबर असावेत. त्यांना त्यांची बाजू त्यांच्या तोंडून सांगू द्यावी.

 गणपती बाप्पा मोरया!