पॅरोलच्या अर्जावर मंडळाची सही
(वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या गंधवानीतल्या एका घरचा मुलगा जन्मठेप भोगतो आहे. त्याच्या पॅरोलच्या अर्जाला मंडळाने पाठिंबा द्यावा, असे पत्र त्याच्या आईने दिले आहे. कार्यकारिणीत दोन तट पडले, म्हणून विषय सभेपुढे आला. मी पाठिंब्याच्या बाजूने बोलणार आहे.

समाजाचे नाव खराब होईल, असा एक आक्षेप आहे. निकाल लागला तेव्हा साऱ्या तालुक्याने तो वाचला. आता झाकायला काय उरले? दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. ज्यांचा माणूस गेला, त्या घराला काय वाटेल? ते घरही याच परिसरात आहे. अर्ज जाण्याआधी आपण त्यांना भेटलेच पाहिजे. त्यांना भीती वाटत असेल, तर मुलाने रजेचे दिवस इंदूरला मामाकडे काढावेत, असे आपल्या पत्रात स्पष्ट लिहावे.

पॅरोलने शिक्षा माफ होत नाही. महाराष्ट्रात याला अभिवचन रजा म्हणतात. ठरल्या तारखेला परत हजर व्हावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अशफाक विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात सांगितले, की कैद्याचे घराशी, समाजाशी नाते तुटू नये म्हणून ही रजा असते. समाजाच्या सुरक्षिततेकडे पाहायलाही त्याच निकालात सांगितले आहे.

संस्थेने पुढे येणे ही काही नवी टूम नाही. १९५४ साली मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. आपण तेव्हा मध्यभारतात होतो, १९५६ मध्ये त्या राज्यात आलो. त्या १९५४ सालीच तिथे कैद्यांना परवान्यावर सोडण्याचा कायदा झाला. सुटलेल्याची देखरेख सरकारी अधिकारी, त्याच्या धर्माची व्यक्ती किंवा तयार असलेली संस्था करील, अशी त्यात सोय होती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवले. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्यावरूनच सुचला.

बँकेत मी जामीनदारांच्या सह्या रोज पाहतो. न वाचता सही करणाराच पुढे तोंड चुकवतो. म्हणून नुसता ठराव नको. त्याला आणायला कोण जाणार, ठाण्यात हजेरीला सोबत कोण, हे नावानिशी लिहू. परतीच्या दिवशी तुरुंगाच्या दारापर्यंत मी जाईन. दुसरे नाव आज इथेच हवे आहे.