मोठ्याने मोजणारी सिस्टर



सिझेरियन संपत आलेलं असतं. सर्जन टाक्यांसाठी सुई मागतात आणि सिस्टर आधी मॉप मोजायला घेते. मॉप म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे. सुरुवातीला दहा घेतले, असं फळ्यावर लिहिलेलं असतं. एक, दोन, तीन... सगळ्यांना ऐकू जाईल असं ती मोजते. नऊच भरले, तर दहावा सापडेपर्यंत पोट बंद करायचं नाही. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांत असा मिसळून जातो की नजरेला दिसत नाही, हाताने चाचपावा लागतो. आत राहिला तर पू होतो आणि त्या बाळंतिणीला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

अशा १९ गोष्टींची एक पानभर यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तयार केली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तिचे तीन थांबे. रुग्ण तोच ना? ऑपरेशन कुठल्या बाजूचं? कशाची ॲलर्जी? या कामाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आत्माराम गावंडे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्ली, मनिला, लंडन, टांझानियातलं इफाकारा अशा आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. जानेवारी २००९मध्ये निष्कर्ष छापून आले : शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले होते.

त्या यादीतली एक ओळ मला फार मोलाची वाटते. चीर घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रोज एकत्र राबणाऱ्यांना हे पोरकट वाटतं, पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही खटकलं तर बोलतो. आपल्याकडे गाडं अडतं ते इथेच. वीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या सिस्टरचीही ‘सर, ग्लोव्हज बदला’ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मागच्या खेपेला चारचौघांत तिला झापलेलं असतं. मला याची चीड येते. जिथे धाकट्याने थोरल्याला थांबवलेलं खपत नाही, तिथे यादी ऑपरेशननंतर टेबलाशी बसून एका दमात भरली जाते. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, आणि रुग्णाजवळ कुणी काही विचारलेलंच नाही.

नुसत्या यादीने सगळं साधतं असंही नाही. गावंडे यांच्याच गटाने उत्तर प्रदेशात १२० सरकारी दवाखाने निवडून त्यांपैकी निम्म्यांत बाळंतपणाची यादी आणि तिच्यासोबत शिकवणारी माणसं देऊन पाहिली. हात धुणं, वेळेवर इंजेक्शन देणं, हे सुधारलं. शिकवणारे येईनासे झाले तसं पुन्हा उतरलं. मातांचे आणि बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हा निकाल त्यांनी २०१७मध्ये लपवाछपवी न करता छापला, याचा मला आदर वाटतो. औषध, रक्त आणि पुरेसे हात नसतील तर कागद एकटा काय करणार?

कागद असून काम नसणं आपल्या राज्यानेही भोगलंय. ९ जानेवारी २०२१ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. ऑडिटचा कागद फायलीला लागणं वेगळं आणि रात्रपाळीच्या सिस्टरला आग विझवायचं सिलिंडर चालवता येणं वेगळं.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचं बघा. इथे ग्रामीण रुग्णालय आहे, सोलापूरचं सिव्हिल हायवेने पाऊण तासावर. बीपी वाढून झटके आलेल्या गरोदर बाईला इथे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात आणि १०८ रुग्णवाहिकेने पुढे पाठवतात. हे औषध जीव वाचवतं, पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : श्वास मिनिटाला किमान १६ आहेत ना, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो ना, आणि लघवी पुरेशी होतेय ना. आणि आधी किती डोस दिला, किती वाजता दिला, हे सोबतच्या चिठ्ठीवर ठळक हवं. घाईत नेमकं तेवढंच राहून जातं.

माझी सोलापुरात रुग्ण ताब्यात घेणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे. चिठ्ठी मोठ्याने वाचा आणि सोबत आलेल्या आशाताईला विचारा, ‘बरोबर आहे ना?’ इंजेक्शन देताना ती तिथे उभी होती. ‘नाही साहेब, साडेअकराला दिलंय’ असं ती म्हणाली, तर तिचं ऐका, मोहोळला फोन लावून खात्री करून घ्या, आणि मगच पुढचं औषध भरा.