‘होता’ आणि ‘असता’

इंग्रजी व्याकरणांतील ‘सब्जंक्टिव्ह मूड’ हें प्रकरण विद्यार्थ्यांना बहुधा जड जातें. त्याची किल्ली मात्र घरच्या भाषेंतच आहे. १८३६ मध्यें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांनींच पुढें बारामतीच्या मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. देवानें अमुक करावें, तमुक द्यावें, हीच प्रार्थनेची सहज भाषा. आणि त्या ‘करावें’मध्येंच या प्रकरणाचें अर्धें मर्म आहे.

क्रियापद केवळ घटना सांगत नाहीं. बोलणाराचा भावही सांगतें. मराठी वैयाकरण त्यास ‘अर्थ’ म्हणतात. घडलेलें सांगतो तो स्वार्थ, इष्ट सांगतो तो विध्यर्थ, आणि न घडलेलें कल्पितो तो संकेतार्थ.

१८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा झाला. भाटघरचें पाणी बारामती-इंदापुराकडे आलें आणि कालव्याखालीं ऊंस उभा राहिला. पाण्याबाहेरची जमीन मात्र जिराईतच राहिली. तेथील शेतकरी म्हणतो, ‘येथें कालवा असता, तर ऊंस लावला असता.’ चुकूनही तो ‘कालवा होता, तर’ असें म्हणत नाहीं. इंग्रजींत हाच ‘असता’ म्हणजे ‘इफ देअर वेअर अ कॅनॉल’ यांतील ‘वेअर’. उलट, ‘तो घरीं होता, तर त्यानें हाक ऐकलीच असेल,’ येथें गोष्ट खरी असण्याचा संभव आहे, म्हणून ‘वॉज’. बोलतांना इंग्रजही पुष्कळदां दोन्हीकडे ‘वॉज’ म्हणतात. शिष्ट लेखनांत भेद पाळणें बरें. गतकाळच्या कल्पनेला मात्र ‘हॅड बीन’ लागतें. मराठींत तेथेंही ‘असता’च चालतो.

विध्यर्थाची चूक अधिक महाग पडते. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी अर्ज करतात अशी कल्पना करावी. ‘दे इन्सिस्ट दॅट वॉटर बी रिलीज्ड’ म्हणजे पाणी सोडावें असा त्यांचा आग्रह. त्या ‘बी’च्या जागीं ‘वॉज’ पडला, तर पाणी सोडलें होतें असें तेच ठासून सांगतात असा अर्थ होतो! शेत कोरडें, आणि कागदावर पाट वाहता.

म्हणून वाक्य आधीं मनांत मराठींत म्हणावें. ‘असता’ आला तर ‘वेअर’. आग्रहाचें वा सूचनेचें ‘-वें’ आलें तर क्रियापदाचें मूळ रूप. एवढें साधलें कीं प्रकरण निम्मेंअधिक सुटलें.