पाचोळा: एका गीताचे तीन ऋतू



अनुवादकाला व्यासपीठावर उभे केले की तो बहुधा आपल्या अडचणींचे गाऱ्हाणे मांडतो. मी आज तसे करणार नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिने मला शिकविलेले थोडेसे, एवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद करीत होते. त्यात 'ऑटम लीव्हज्' या लोकप्रिय गीताचा उल्लेख आला. कोशात 'ऑटम' म्हणजे शरद ऋतू. मी निःशंक मनाने 'शरदातील पाने' असे लिहिले आणि पुढे गेले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर एका वृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. ते शेतकरी होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : आश्विन-कार्तिकात पाने गाळणारी ही झाडे आपण कोठे पाहिलीत?

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आकाश, कोजागरीचे चांदणे, कापणीला आलेले भात. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. शब्दकोशाने मला शब्द दिला होता, ऋतू दिला नव्हता. तेव्हा मी मूळ गीताच्या शोधास लागले.

हे गीत मूळचे फ्रेंच. त्याचे नाव 'ले फय मॉर्त'. शब्द कवी झाक प्रेव्हेर यांचे, चाल जोझेफ कोस्मा यांची. कोस्मा १९०५ साली बुडापेस्ट येथे जन्मले आणि १९३३ मध्ये पॅरिसला आले. ते ज्यू असल्यामुळे जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये त्यांना स्वतःच्या नावाने काम करणे अशक्य झाले. चित्रपटांसाठी त्यांनी रचलेले संगीत दुसऱ्यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. १९४५ साली एका नृत्यनाट्यासाठी त्यांनी जे संगीत रचले त्यातून या गीताची चाल आली. १९४६ साली मार्सेल कार्ने यांच्या 'रात्रीची दारे' या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात ती तुकड्यातुकड्यांनी ऐकू येते. चित्रपट पडला, गीत मात्र राहिले. कोरा व्होकेर, ईव्ह मोंताँ, ज्युलिएत ग्रेको अशा गायकांनी ते घरोघर पोहोचविले.

१९५० च्या सुमारास अमेरिकन गीतकार जॉनी मर्सर यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्स यांनी पियानोवर वाजविलेली हीच चाल अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे शब्द गळून पडले तरी चाल उभी राहिली. पण आपण शब्दांचे लोक आहोत, शब्दांकडेच वळू.

मूळ फ्रेंच गीताला एक लांब प्रस्तावना आहे आणि मग ध्रुपद येते. पाने आहेत ती प्रस्तावनेत, आणि तीही झाडावरून गळणारी नव्हेत. जमिनीवर पडलेली, फावड्याने गोळा केली जाणारी. आठवणी आणि पश्चात्ताप यांचाही तसाच ढीग होतो, असे कवी सुचवितो. ध्रुपदात तर पानाचे नावही नाही. तेथे आहे समुद्र, आणि वाळूवरची पुसली जाणारी पावले. मर्सर यांनी प्रस्तावना सोडून दिली, पाने ध्रुपदात आणली, ती खिडकीबाहेर तरंगत ठेवली, आणि शीर्षकात नसलेला ऋतू शीर्षकात घातला. समुद्र नाहीसा झाला. मी हे दोष म्हणून सांगत नाही. चालीच्या मापात बसणारे, अमेरिकन ओठांवर रुळणारे गीत त्यांना हवे होते, आणि ते त्यांनी उत्तम रचले. मात्र ते दुसरे गीत आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

जपानी लोक या गीताला 'कारेहा' म्हणतात. त्याचा अर्थ सुकलेले पान. हा शब्द त्यांच्या हायकूपरंपरेत हिवाळ्याचा ऋतुसूचक शब्द मानला जातो. म्हणजे एकाच पानाला इंग्रजीत एक ऋतू मिळाला, जपानीत दुसरा, आणि माझ्या अज्ञानामुळे मराठीत तिसराच, तोही चुकीचा!

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीतील 'यू' मध्ये जवळीक आणि अंतर यांचा भेद राहत नाही. फ्रेंच गीतातील संबोधन मात्र एकेरी आहे. मराठीतील 'तू' ते सहज पेलतो. उलट, फ्रेंच ध्रुपद गाणारा पुरुष आहे की स्त्री, हे शब्दांवरून कळत नाही. मराठीत 'करीत होतो' की 'करीत होते' हे ठरवावेच लागते. किंवा 'मी प्रेम केले' अशा रचनेचा आधार घेऊन ते झाकावे लागते. एका ठिकाणी आपली भाषा मुळाच्या अधिक जवळ जाते, दुसऱ्या ठिकाणी दूर राहते. मध्ये इंग्रजीचा पडदा असला तर यांपैकी काहीच दिसत नाही.

मग शीर्षकाचे काय करावे? 'मेलेली पाने' हे शब्दशः खरे, पण फ्रेंच बोलीतला तो नित्याचा शब्दप्रयोग आहे. मराठीत तो उगाच स्मशानाकडे नेतो. 'पानगळ' म्हणावे, तर आपल्या पानगळीमागे चैत्राची पालवी उभी असते. पाने झडलेल्या पळसाला त्याच दिवसांत फुले येतात. फ्रेंच पानांमागे येतो तो हिवाळा. अखेर मला घरातलाच शब्द सापडला : पाचोळा. तो गळून पडलेला असतो, पायदळी जातो, झाडून गोळा केला जातो. कुसुमाग्रजांची त्याच नावाची कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्यातील दुःख वेगळे सांगावे लागत नाही. आणि मूळ शीर्षकाप्रमाणेच त्याच्यावर कोणत्याही ऋतूचा शिक्का नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तेवढी दुरुस्ती केली आणि त्या वृद्ध वाचकांना एक प्रत पाठविली. त्यांचे उत्तर पुन्हा पोस्टकार्डावरच आले. त्यात लिहिले होते, "आता दिसला."

मित्रहो, आपल्या वाचनालयांतून युरोपातील कितीतरी ग्रंथ इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले आहेत. ती वाट आपल्याला बंद करता येणार नाही. तिचे ऋणही मोठे आहे. परंतु त्या वाटेवर कोणीतरी आपल्याआधी चालून गेलेले असते, आणि त्याने काही टाकलेले, काही उचललेले असते, याचे भान अनुवादकाने सोडू नये. मूळ भाषा पूर्ण येत नसेल तर कोश घेऊन निदान एकदा मूळ पान उलगडून पाहावे. आणि मग आपल्या अंगणातही पाहावे. तेथे कोणती पाने कधी गळतात ते.