शाब्दिक उदाहरणे आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मला दिलेला विषय दिसावयास लहान आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना गणितातील शाब्दिक उदाहरणे सोडविण्यास घरातून कशी मदत करावी, एवढाच तो विषय. परंतु ज्यांच्या घरी तिसरी, चौथी, पाचवीचे मूल आहे त्यांना हा विषय लहान वाटणार नाही. "मुलाला पाढे येतात, बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आले की पेन्सिल खाली ठेवतो," ही तक्रार प्रत्येक पालकसभेत मी ऐकतो. आणि त्या पाठोपाठ दुसरे वाक्यही ठरलेले असते, "त्याला गणिताचे डोकेच नाही."

हे दुसरे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे. चौथी-पाचवीत ज्या मुलावर, आणि त्याहूनही अधिक ज्या मुलीवर, हा शिक्का बसतो, तिच्या मनात गणिताची भीती घर करते. पुढे दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य, तंत्रनिकेतन असे मार्ग समोर असूनही ती त्यांच्याकडे वळत नाही. एका वाक्याने एवढे नुकसान होते.

अडचण गणिताची की भाषेची?

ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1977 साली मुलांच्या चुका तपासण्याची एक पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे की, शाब्दिक उदाहरण सोडविताना मूल पाच पायऱ्या चढते. पहिली, उदाहरण वाचणे. दुसरी, त्याचा अर्थ समजणे. तिसरी, कोणती क्रिया करावयाची ते ठरविणे. चौथी, ती क्रिया बिनचूक करणे. पाचवी, उत्तर योग्य रीतीने लिहिणे. त्यांना असे दिसून आले की, पुष्कळशी मुले चौथ्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत, पहिल्या तीन पायऱ्यांतच अडखळतात. आणि आपण मात्र चौथ्या पायरीसाठी मुलाला आणखी पन्नास बेरजा घालून देतो! पाय दुखत असता डोक्याला मलम लावावे, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या नागपुरात, मोमिनपुऱ्यात काय किंवा कामठीत काय, अनेक घरांत उर्दू किंवा हिंदी बोलली जाते आणि मूल शाळेत मराठीतून शिकते. घरी त्याने 'जमा', 'तफरीक', 'जर्ब', 'तकसीम' हे शब्द ऐकलेले असतात. शाळेत त्याच चार क्रियांना बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार म्हणतात. संख्यांचेही तसेच. घरी 'पचास', शाळेत 'पन्नास'. घरी 89 ला 'नवासी' म्हणतात, शाळेत 'एकोणनव्वद'. म्हणजे गणित सुरू होण्याआधीच मुलाला मनातल्या मनात एक भाषांतर करावे लागते.

परंतु याची दुसरी बाजू मी आपल्या नजरेस आणू इच्छितो. मराठीतील हिशेब, रक्कम, किंमत, खर्च, जमा, बाकी, नफा हे शब्द अरबी-फारसीतूनच आलेले आहेत. सव्वा, दीड, अडीच हे मराठी शब्द आणि सवा, डेढ, ढाई हे आपल्या घरचे शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. तेव्हा घरची भाषा ही गणिताच्या आड येणारी भिंत आहे, असे समजू नका. उदाहरण मराठीत वाचावे, घरच्या भाषेत त्याची गोष्ट सांगावी आणि उत्तर पुन्हा मराठीत लिहावे. यात कमीपणा काही नाही.

मातृभाषा मराठी असलेल्या मुलांनाही संख्यांची नावे सोपी जात नाहीत. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र 2 आधी येतो. म्हणून काही मुले पंचवीस ऐकून 52 लिहितात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील हेतू हाच सांगितला होता. तो बदल कोणास रुचो वा न रुचो, मूल 52 लिहिते ते मठ्ठपणाने नव्हे, एवढे तरी त्या वादातून आपण घ्यावे.

बाजारात हुशार, वहीत मागे

माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. वडिलांच्या फळांच्या हातगाडीवर तो सुटीच्या दिवशी बसे. पावणेदोन किलो संत्र्यांचे पैसे किती आणि पाचशेच्या नोटेतून परत किती द्यावयाचे, हे तो तोंडी सांगे. तेच उदाहरण वहीत आले की गप्प. हा एकट्याचा प्रकार नाही. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या 1400 हून अधिक मुलांची पाहणी केली. ती 2025 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाली. बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब ही मुले मनात करीत, पण शाळेच्या पद्धतीची तशीच उदाहरणे त्यांना जमत नव्हती. उलट, केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजाराचा हिशेब जमत नव्हता. दोन्ही ठिकाणी गणित तेच, पण मधला पूल बांधलेला नाही. तो पूल शिक्षकाने आणि पालकाने मिळून बांधावयाचा आहे.

मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले, "तू गाडीवर जे मनात करतोस ते मला बोलून दाखव, आणि मग जसे बोललास तसे लिही." दीड किलोचे आधी, मग पावाचे, मग बेरीज, अशी त्याची रीत त्याने वहीत उतरविली. हळूहळू वहीची भीती गेली.

एका शब्दाला भुलू नका

आता एक फसवी गोष्ट सांगतो. 'एकूण' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी, 'जास्त' आले की बेरीज, अशी पोपटपंची काही गाइडांतून व शिकवण्यांतून करवून घेतात. पुढील उदाहरण पाहा:

सलीमजवळ 35 पतंग आहेत. ते रहीमजवळच्या पतंगांपेक्षा 8 ने जास्त आहेत. तर रहीमजवळ किती पतंग आहेत?

'जास्त' हा शब्द पाहून मूल 35 मध्ये 8 मिळविते आणि 43 लिहिते. पण पतंग जास्त कोणाजवळ आहेत? सलीमजवळ. मग रहीमजवळ कमीच असणार. उत्तर 27. म्हणून मुलाला "बेरीज करू की वजाबाकी?" असे विचारू देऊ नका. "कोणाजवळ जास्त आहेत?" असे आपण त्याला विचारा.

अशा वेळी चित्र फार उपयोगी पडते. सलीमची लांब पट्टी काढा, तिच्याखाली रहीमची आखूड पट्टी काढा आणि मधल्या फरकावर 8 लिहा. सिंगापूरच्या शाळांत 1980 च्या दशकापासून ही पट्ट्यांची रीत वापरतात. तिला पाटी-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. आणखी एक उदाहरण घ्या. आई व मुलगा यांच्या वयांची बेरीज 48 आहे आणि आईचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. मुलाचा एक चौकोन, आईचे तसेच तीन चौकोन, मिळून चार. चार चौकोन म्हणजे 48, तर एक चौकोन 12. मुलगा 12 वर्षांचा, आई 36 वर्षांची. बीजगणित न शिकताही चौथीचे मूल हे उदाहरण सोडवू शकते.

शेवटची पायरी

उत्तर आले म्हणजे काम संपले असे नाही. अमेरिकेत 1983 साली 13 वर्षांच्या मुलांना एक प्रश्न विचारला होता. एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, तर 1128 सैनिकांना किती बसेस लागतील? भागाकार केला की 31 येतात आणि बाकी 12 उरते. भागाकार बहुतेकांना आला. पण बसेस 32 लागतील हे शंभरांतील सुमारे 23 मुलांनीच सांगितले. कित्येकांनी '31, बाकी 12' असेच लिहिले. उरलेल्या 12 सैनिकांनी काय पायी जावे? तेव्हा उत्तर आल्यावर मुलाला विचारा, "हे खरे वाटते का?" या एका प्रश्नाने अनेक चुका त्याच्या त्यालाच सापडतात.

घरी काय करावे?

काही पालक म्हणतील, "आम्ही फारसे शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार?" मी नम्रपणे सांगतो, आपण शिकवावयाचे नाही, ऐकावयाचे आहे. रोज एकच उदाहरण घ्या आणि पुढील पाच गोष्टी करा.

1. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचावयास सांगा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारू द्या. 'पैकी', 'प्रत्येकी', 'पट', 'उरलेले' हे शब्द विशेष पाहा.

2. पुस्तक मिटवून तीच गोष्ट घरच्या भाषेत सांगावयास सांगा. काय दिले आहे? काय विचारले आहे?

3. चित्र काढू द्या. चिंचोके, खडे, बटणे, काहीही चालेल.

4. मगच आकडेमोड. आकडे मोठे असतील तर आधी लहान करून पाहा.

5. उत्तर पूर्ण वाक्यात लिहू द्या आणि ते खरे वाटते का, हे विचारा.

नमुन्यादाखल हे उदाहरण. एका पेटीत 48 संत्री, अशा 6 पेट्या. त्यांपैकी 20 संत्री नासकी निघाली. उरलेली 4 दुकानदारांना सारखी वाटली. प्रत्येकाला किती? मूल गोष्ट नीट सांगू लागले की पायऱ्या आपोआप सुटतात. सहा पेट्यांत 288, नासकी काढून 268, चौघांत वाटून 67.

घरातच उदाहरणे भरपूर आहेत. एका कुर्त्याला सव्वादोन मीटर कापड लागते, तर ईदसाठी चार भावांच्या कुर्त्यांना किती? नऊ मीटर. समजा, सहरीची वेळ 4 वाजून 52 मिनिटांनी संपते आणि इफ्तार संध्याकाळी 6 वाजून 31 मिनिटांनी आहे, तर रोजा किती वेळाचा? आधी पाचपर्यंत 8 मिनिटे, मग सहापर्यंत 13 तास, मग 31 मिनिटे. एकूण 13 तास 39 मिनिटे. आईने स्वयंपाक करता करता असा प्रश्न विचारला, तर ती उत्तम शिक्षिका ठरेल.

दोन गोष्टी मात्र टाळा. मूल विचार करीत असता घाईने उत्तर सांगू नका. आणि चुकले म्हणून भावंडांदेखत हिणवू नका.

गोष्टीतून गणित ही आपलीच परंपरा

शाब्दिक उदाहरणे ही काही आजच्या शिक्षणखात्याने लादलेली कटकट नव्हे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या उदाहरणांनी भरलेला आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त भुंगे, मोर, साप यांच्या गोष्टींतून गणित विचारले आहे. याच 'लीलावती'चे 1587 साली अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी यांनी फारसीत भाषांतर केले. गणिताची गोष्ट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याचे जे काम फैजींनी केले, तेच काम आपले मूल रोज संध्याकाळी वहीसमोर बसून करीत असते. त्याच्याकडे आपण त्याच आदराने पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित हे दोन विषय एकत्र विचारले जात आले आहेत. भाषेचा अभ्यास म्हणजे गणिताचाही अभ्यास होय. उदाहरण दोनदा वाचा आणि मगच पेन्सिल उचला. न समजल्यास वर्गात हात वर करा. विचारणाऱ्याला कोणी हसत असेल, तर त्याला आवरण्याचे काम आम्हा शिक्षकांचे आहे.

पालकांना माझी शेवटची विनंती एवढीच की, आज रात्री घरी गेल्यावर मुलाची वही उघडा, एक उदाहरण त्याच्या तोंडून ऐका आणि तो बोलत असता पाच मिनिटे गप्प बसा. कोणत्या पायरीवर तो अडतो ते आपल्याला दिसेल, आणि ते आम्हाला येऊन सांगितलेत तर आमचे अर्धे काम होईल.